रकाना : इतर

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
चोवीस माग होते तेव्हापासून मी इथं आहे.
आता बहात्तर आहेत, आणि एक खोली
जिच्यात माग नाही, एसी आहे.
तिथं गड्डम शेठची सून बसते, सुप्रजा.
तिनं चहा मागवला आणि म्हणाली,
"हत्तुरे काका, तुमच्या डायऱ्या हव्यात."

डायऱ्या म्हणजे काय, बत्तीस वर्षं.
रबरबँड लावलेल्या अकरा वह्या :
लातूर, उदगीर, बिदर, गुलबर्गा, हुबळी.
कोण उधारी दसऱ्याला फेडतो,
कोण नुसतं 'बघू' म्हणतो,
कोणाला भाव सांगायच्या आधी
हात ओले करायला लावून टॉवेल द्यायचा.
विकणाऱ्याची वही अशी कुणी मागतं का?
दिली. पण रात्री झोप लागली नाही.

तिनं रकाने पाडले.
पार्टी, गाव, माल, डझन, दर, येणं.
मी विचारलं, "बिदरचे शिवशरणप्पा
धाकट्या भावाशी बोलत नाहीत,
दोघांना एका दिवशी भेटायचं नसतं,
हे कुठं बसवणार?"
ती थांबली. कडेला एक रकाना वाढवला,
नाव दिलं : इतर.

पंधरा दिवसांनी हाक आली.
पडद्यावर उदगीर. मोमीन ड्रेसेस.
छोटे पांढरे नॅपकिन,
दर मे महिन्यात : बारा डझन, तीस, ऐंशी.
एवढ्या बारक्या पार्टीकडं
माझी मान कधी वळली नव्हती.
"का वाढतंय?" मी विचारलं.
"किती ते मला दिसतं," ती म्हणाली.
"का, ते तुम्ही विचारून या."

मी गेलो. विचारलं काहीच नाही.
बसलो. दोन चहा झाले,
पावसाचं झालं, मुलीच्या बारावीचं झालं.
मग नसरीनबाईंनी आपणहून आतला पडदा सारला :
दोन पोरी मशीनवर नॅपकिनला नावं घालत होत्या.
अथर्व. झोया. शिवांश. पुन्हा अथर्व.
बालवाडीची यादी असते म्हणे,
डबा, बाटली, नावाचा रुमाल.
"माल चांगलाय तुमचा," त्या म्हणाल्या,
"पण काठावर सुई मोडते."

हे वाक्य घेऊन मी परत आलो,
एसटीत सबंध रस्ता मनात घोळवत.
अंबादास मास्तरनं आधी तेलुगूत दोन शिव्या घातल्या,
मग काठाशी चार बोटं साधी वीण सोडली.
जूनपर्यंत अकरा गावांत
चौदाशे डझन.
शेठनं पेढे वाटले. पेढे गोड होते, काय सांगू अजून.

हुबळीला मात्र मी आपटलो.
तिथला माणूस माझा जुना दोस्त,
त्याच्या घरी मी जेवलोय, जेवून झोपलोय.
पडदा सांगत होता, पैसे यायला
चाळीस दिवस, मग साठ, मग पंचाण्णव.
मी म्हणालो, शब्दाचा पक्का आहे, पाठवा.
गाडी भरून माल गेला,
दुकानाला जानेवारीत कुलूप.
सुप्रजा काही बोलली नाही.
त्या ओळीवर जाऊन, एका बोटानं टाईप करत,
'इतर'मध्ये मीच लिहिलं :
हत्तुरेंचा मित्र. जपून.

आता नवी पोरं येतात, टॅब घेऊन.
मी त्यांना शिकवतो, तोंडावर आकडा फेकू नका,
खिशात ठेवा, किल्लीसारखा.
ती मान हलवतात, अर्धं ऐकतात.

काल ती जेवायला गेली होती तेव्हा
मी माणसांचं पान उघडलं. माझीही ओळ होती.
दौरे, विक्री, वसुली, सगळं बरोबर.
आणि टोकाला, इतर :
चहा बिनसाखरेचा. उजवा गुडघा दुखतो,
सांगणार नाहीत. उदगीरला गाडीनं पाठवावं.

खोडायला गेलो.
पासवर्ड मागत होता.